सहा वाट्यांचा भात: एका बिघडलेल्या पातेल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या नात्यातल्याच एका घरातलं आहे. नाव-गाव काही देत नाही. स्वयंपाक करणाऱ्या वहिनी आणि घरातले दादा, एवढी ओळख पुरे. मी त्यात आलो तो भात बिघडल्यावर, म्हणजे तपासनीस म्हणून. मधे एकदा मीही भात बिघडवला, तेही पुढे येईलच.

वहिनी गेली वीसेक वर्षं बासमती करताहेत आणि तो चांगलाच होतो. शीत न शीत सुटं, वाढताना भातवाढीवरून घरंगळणारं. त्यांची पद्धत एका ओळीत सांगता येते: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, मध्यम आच, वर ताटली. भिजत घालायचं नाही. दोनदा धुवायचे, पाणी घालायचं, गॅसवर चढवायचं. छोटं स्टीलचं पातेलं आहे, त्याला स्वतःचं झाकण कधीचंच उरलेलं नाही, म्हणून ताटली. ती एका बाजूने थोडी सरकवलेली असते, म्हणजे उतू जात नाही. ही सरकवलेली ताटली या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. पण हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले.

त्या दिवशी जेवायला बारा माणसं होती. वहिनींनी सहा वाट्या तांदूळ घेतले. वाटी त्यांची नेहमीचीच, काठोकाठ पाणी भरलं तर २०० मिली मावतं, बासमती भरला तर साधारण १६० ग्रॅम. सहा वाट्यांना बारा वाट्या पाणी. हिशेबात चूक काढायला कुठे जागाच नाही, असं त्यांना वाटलं आणि मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. पातेलं मात्र आठ लिटरचं, पातळ बुडाचं, आणि त्याला व्यवस्थित बसणारं झाकण.

तांदळाची पिशवीही त्या दिवशीच फोडलेली होती. नेहमीचा ब्रँड मिळाला नव्हता. नव्या पिशवीवर ‘११२१’ असं लिहिलेलं होतं. पुढे सगळा संशय हिच्यावर आला.

अडचण

सात-पंचवीसला पातेलं चढलं. एक वाटीच्या भाताला चार मिनिटांत उकळी येते. इथे पंधरा मिनिटं गेली तरी पाणी नुसतं कडेने बुडबुडत होतं. तेवढा वेळ तांदूळ कोमट, मग गरम पाण्यात पडून होते. सात-चाळीसला उकळी आली, आच कमी केली, झाकण लावलं.

सात-बावन्नला झाकण काढलं तेव्हा दाणे फुललेले दिसत होते, पण वर बोटभर पाणी उभं होतं. पांढरट, दाट पाणी. पाहुणे आठला येणार होते.

या प्रकरणातला पहिला निर्णय इथे झाला. वहिनींनी आच मोठी केली आणि पाणी लवकर आटावं म्हणून डावाने तळापासून ढवळलं. घाईत कुणीही हेच करेल. पण शिजत आलेला बासमतीचा दाणा लांब, मऊ आणि ठिसूळ असतो. ढवळला की मोडतो, आणि मोडलेल्या टोकांतून आतला स्टार्च पाण्यात उतरतो. पाणी दाट झालं की ते आटायच्या ऐवजी खदखदतं आणि तळाला धरतं. पाच-सहा मिनिटांत करपल्याचा वास आला. आठ वाजून पाच मिनिटांनी गॅस बंद.

पातेल्यात तीन प्रकारचा भात होता. तळाला करपलेली खरपुडी, मधे कपड्यांच्या खळीसारखा चिकट गोळा, आणि वर दोन बोटांचा एक थर, त्यातल्या त्यात बरा. दादांनी तेवढ्यात सुचवलं की सगळा एकत्र करून टाका, कुणाला कळणार नाही. वहिनींनी ऐकलं नाही, हे बरं केलं. वरचा थर अलगद काढून त्यांनी परातीत पसरला, पंख्याखाली पाच मिनिटं ठेवला आणि तोच वाढला. तो सगळ्यांना कसाबसा पुरला.

मधला गोळा किलोभर तरी होता. आवराआवर करता करता तो पातेल्यातच, झाकण लावून, ओट्यावर रात्रभर राहिला. सकाळी दादा म्हणाले, गरम करून खाऊन टाकू. हा भात टाकायचा की नाही, यावर त्यांच्याकडे बरीच वादावादी झाली म्हणे. शेवटी टाकला, आणि तेच योग्य होतं. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू कच्च्या तांदळात असू शकतात आणि ते शिजवल्यावरही तगतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात. त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मोठ्या पातेल्यातला, झाकलेला, दाट भात तर थंड व्हायलाच कितीतरी तास घेतो. उरलेला भात पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

संशयित

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. “भावजी, पिशवीच खराब निघाली. हे म्हणतायत परत करून टाकू. तुम्ही एकदा बघता का?”

पिशवीवर संशय घ्यायला कारण होतं. बासमती बासमतीत फरक असतो. मुरवलेला, वर्ष-दोन वर्षं ठेवलेला जुना तांदूळ कडक होतो; तो पाणी जास्त पितो, लांबीला जास्त वाढतो आणि कमी चिकटतो. नवा तांदूळ तेवढ्याच पाण्यात मऊ पडतो. सेला, म्हणजे उकडा बासमती घेतला तर सगळाच हिशेब बदलतो, कारण त्याचा दाणा आधीच एकदा वाफवून वाळवलेला असतो. तो सहसा गळत नाही, पण वेळ आणि पाणी जास्त मागतो. आणि ११२१ हे वाणाचं नाव आहे. पुसा बासमती ११२१ हा वाण २००३ साली प्रसारित झाला. त्याचा कच्चा दाणाच सुमारे आठ मिलिमीटर लांब असतो. असा दाणा शिजल्यावर दिसायला देखणा, पण ढवळला तर मोडायलाही सोपा.

शिवाय बासमती मोकळा होतो त्याचं निम्मं श्रेय दाण्याच्या आतल्या स्टार्चला जातं. स्टार्चमध्ये दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. ढोबळमानाने अमायलोज जास्त तर भात सुटा, कमी तर चिकट. बासमती यात मधल्या पट्ट्यात येतो, साधारण २० ते २५ टक्के अमायलोज. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने बासमतीसाठी केलेली जी मानकं १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली, त्यांतही अमायलोजचं प्रमाण आणि शिजल्यावर दाणा किती लांबतो, या दोन्ही गोष्टी मोजायच्या यादीत आहेत. तेव्हा पिशवीत भेसळ असेल तर भात बिघडू शकतो, ही शंका अगदीच हवेतली नव्हती.

पण मी म्हटलं, परत करायच्या आधी एक वाटी शिजवून बघू. हा दुसरा निर्णय, आणि सगळ्यात स्वस्त. त्याच पिशवीतली एक वाटी, तेच छोटं पातेलं, तीच सरकवलेली ताटली, दोन वाट्या पाणी. बाकी काहीही बदलायचं नाही.

भात उत्तम झाला. जुन्या ब्रँडपेक्षा किंचित मऊ, एवढंच. पिशवी निर्दोष सुटली. दादांना हे फारसं पटलं नाही.

वजनकाटा

मग दोष कशाचा? मी वजनकाटा मागवला. एक वाटी तांदूळ धुवून निथळले, तर दाण्यांना चिकटून सुमारे २० ग्रॅम पाणी आलं. तांदूळ १६०, ते २०, वरून घातलेलं ४००; पातेल्याचं वजन वजा करून चढवताना ५८० ग्रॅम. भात झाल्यावर तोच ऐवज ४१५ ग्रॅम भरला. म्हणजे १६५ ग्रॅम पाणी वाफ होऊन ताटलीच्या फटीतून निघून गेलं आणि २५५ ग्रॅम दाण्यांनी प्यायलं.

ही फोड करून बघेपर्यंत आम्ही सगळेच असं धरून चाललो होतो की वाटीभर तांदूळ दोन वाट्या पाणी ‘पितो’. तो पीत नाही. सव्वा वाटी पितो, आणि बाकीचं आपण हवेत सोडतो. पिणारं पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढतं. हवेत जाणारं पाणी मात्र पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर, आचेवर आणि वेळेवर ठरतं. त्याला तुम्ही किती वाट्या घेतल्या याच्याशी देणंघेणं नाही.

आता त्या रात्रीचं पातेलं बघा. छोट्या पातेल्याचं तोंड १६ सेंटिमीटर, मोठ्याचं २६. तांदूळ सहापट झाला, वाफ सुटायचं तोंड जेमतेम अडीचपट, आणि त्यावर नीट बसणारं झाकण. मोठ्या पातेल्यात नुसतं पाणी घालून, तसंच झाकण आणि तशीच आच ठेवून पाहिलं, तर त्या रात्रीइतक्या वेळात ३८० ग्रॅमच्या आसपास घटलं. सहा वाट्या तांदळाने प्यायचं पाणी १५३०. पातेल्यात होतं २५२०, धुतल्याचं धरून. १५३० आणि ३८० वजा केले की ६१० उरतात. तीन वाट्या पाणी जायला जागाच नव्हती.

वहिनींनी हा कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “म्हणजे माझी ताटली बरोबर बसली असती तर रोजचाही बिघडला असता.”

अगदी हेच. वीस वर्षं ‘वाटीला दोन वाटी’ बरोबर ठरलं, कारण ती ताटली वाकडी होती.

माझी चूक

इथे थांबायला हवं होतं. पण कोडं सुटल्याच्या आनंदात मी रोजचा भातही ‘सुधारायला’ घेतला. म्हटलं, अर्धा तास भिजवू आणि पाणी वाटीला वाटी घालू. कुठेतरी ऐकलेलं प्रमाण. भांडं तेच छोटं, ताटलीही तीच.

बारा मिनिटांत तळ चर्र वाजायला लागला. उघडलं तर दाणे बाहेरून शिजल्यासारखे, आत मात्र कच्चट, दाताखाली कट्‌कन्‌ लागणारे. भिजवून ६५ ग्रॅम, वरून २०० आणि त्यातले दीडशेच्या वर हवेत. दाण्यांना मिळायला हवे होते २५५, मिळाले शंभरेक. मीच शोधून काढलेला नियम मीच दुसऱ्या तासाला विसरलो होतो. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाव वाटीला जरा जास्त उकळतं पाणी कडेने शिंपडलं, ओलं फडकं घालून घट्ट झाकण ठेवलं, खाली तवा सरकवला आणि दहा मिनिटं तिकडे बघितलं नाही. भात खाण्याजोगा झाला. थंड पाणी घातलं असतं तर तोही गेला असता, आच विझल्यासारखी होऊन दाणे बाहेरूनच चिकट झाले असते.

कच्चट भात वाचवता येतो, गिच्च झालेला येत नाही. दाण्यात पाणी घालता येतं, काढता येत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा पाणी कमी घालणं हा बरा जुगार आहे.

भिजवण्याबद्दल

भिजवणं मात्र टिकलं. त्याचं कारण सांगायला मी वहिनींना एक दाणा दाखवला. कोरडा बासमतीचा दाणा काचेसारखा, अर्धपारदर्शक असतो. वीस-तीस मिनिटं पाण्यात राहिला की दुधासारखा पांढरा होतो आणि उजेडाकडे धरला तर अंगावर बारीक आडव्या चिरा दिसतात. नखाने दाबला तर तिथेच तुटतो. पुढे शिजताना दाणा या चिरांमधून लांबीला ताणला जातो. बासमती जाड न होता लांब होतो त्याचं एक कारण हे. भिजताना दाणा आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी पितो, त्यामुळे गाभ्यापर्यंत उष्णता आणि पाणी लवकर पोचतं. नाहीतर गाभा शिजेपर्यंत बाहेरचा थर फुटून जातो.

दुसरा फायदा वासाचा. बासमतीचा वास ज्याच्यामुळे येतो तो मुख्य पदार्थ म्हणजे २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन. तो उडून जाणारा आहे. गॅसवरचा वेळ जितका कमी, तितका तो भातात जास्त राहतो.

धुण्याबद्दल एकच सांगतो. दाणे चोळायचे नाहीत. पाण्यात हात गोल फिरवायचा, गढूळ पाणी ओतायचं, चार-पाच वेळा. भिजल्यानंतर तर हात जवळजवळ लावायचाच नाही, चाळणीत ओतून दहा मिनिटं निथळू द्यायचे. ते पाणी निथळलं नाही तर तेही हिशेबात येतं.

मोठ्या भातासाठी पर्याय

तीन आठवड्यांनी पुन्हा तितकीच माणसं जेवायला यायची होती. वहिनींनी ठरवलंच होतं की सहाच वाट्या आणि गॅसवरच. चार वाटा समोर होत्या.

त्याच पातेल्यात पाणी कमी करून भात शिजवणं, ही पहिली. भिजवलेल्या सहा वाट्यांना गणिताने सुमारे सात वाट्या पाणी येत होतं. अडचण उंचीची. भाताचा थर चार बोटं, बूड पातळ, बर्नर मधेच तापणारा. खाली करपायला लागला तरी वर पाणी मुरलेलं नसेल, आणि ढवळायची सोय नाही.

दुसरी, तीन-तीन वाट्यांची दोन पातेली. मला स्वतःला ही आवडली होती. पण बाकीच्या स्वयंपाकाला बर्नर उरत नव्हता.

कुकर दादांचा आग्रहाचा. रोजच्या मऊ भाताला कुकरला तोड नाही. पण बासमतीत अर्ध्या-एक मिनिटाचा फरक दाणा फोडतो आणि कुकरमध्ये आत डोकावता येत नाही. सहा वाट्या एकदम लावून आत काय चाललंय ते अंदाजाने ठरवायचं, तेही पाहुण्यांच्या दिवशी. नको.

चौथी, भात वेळणं. भरपूर पाण्याला आधण आणायचं, त्यात तांदूळ सोडायचे, पाऊण कच्चेपणा गेला की पाणी ओतून टाकायचं आणि उरलेलं वाफेवर. यात पाण्याचं प्रमाण हा प्रश्नच राहत नाही. सुटलेला स्टार्चही पाण्याबरोबर जातो. वहिनींची हरकत अशी की वास आणि सत्त्व दोन्ही मोरीत जाणार. हरकत खरी आहे. पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वं आणि थोडा वास जातोच. रोज असं करू नये, असं माझंही मत. पण बारा माणसांच्या दिवशी सुटा भात हवा असेल तर तेवढं सोडून द्यायला हरकत नव्हती. निर्णय वेळण्याचा झाला. रोजच्या एक-दोन वाट्यांसाठी मोजून पाणी.

काय केलं

या वेळी आधी रंगीत तालीम झाली, दोन वाट्यांची. पहिल्या तालमीत वहिनींनी शीत बोटात दाबून पूर्ण चेपलं जाईपर्यंत वाट पाहिली, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या ‘झाला’ या खुणेपर्यंत. मग ओतलं, मग दम. भात लिबलिबीत. वेळताना ही खूण चालत नाही, कारण चाळणीत निथळताना आणि नंतर वाफेवर तो शिजतच असतो. दुसऱ्या तालमीत खूण बदलली: शीत बोटांत दाबलं तर दोन-तीन तुकडे व्हावेत आणि मधे टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसावा. तिथे थांबायचं. हे मनाला पटत नाही, कारण त्या क्षणी भात स्पष्ट कच्चा असतो.

प्रत्यक्ष दिवशी तांदूळ अर्धा तास भिजवून निथळले. पाच लिटर पाण्याला खळखळून उकळी, त्यात मीठ, मग तांदूळ. एकदाच, हलक्या हाताने, तळाला बसू नयेत म्हणून उलथन्याने सैल केले. उकळी परत यायला चार मिनिटं लागली. त्यानंतर वहिनी दर अर्ध्या मिनिटाला एक शीत काढत होत्या. सव्वातीन मिनिटांनी ठिपका जरा मोठा होता. म्हटलं अजून थोडं, तर म्हणाल्या, “नाही भावजी, ओतायलाच दीड मिनिट जातं.” त्यांनी गॅस बंद केला.

हा माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय. तालमीच्या दोन वाट्या झटकन ओतल्या गेल्या होत्या. सहा वाट्यांचं, पाच लिटर उकळत्या पाण्याचं पातेलं दोघांनी धरून, वाफ चुकवत, दोन चाळण्यांत ओतायला खरंच दीड मिनिट गेलं. मी घड्याळ बघत होतो, त्यांनी पातेल्याचं वजन बघितलं.

रिकाम्या पातेल्यात दोन चमचे तूप, त्यावर भात मोकळाच पसरला, दाबला नाही. झाकणाला सुती फडकं बांधलं, गाठी वर, आचेपासून लांब. फडक्याचं काम एवढंच की झाकणाला जमलेली वाफ थेंब होऊन परत भातावर पडू नये. पातेल्याखाली तवा, आच अगदी बारीक, बारा मिनिटं. मग गॅस बंद, आणि झाकण न उघडता दहा मिनिटं. या दहा मिनिटांत दाण्याच्या बाहेरचं पाणी आत सरकतं आणि पृष्ठभाग जरा आवळतो. गरम गरम उपसला तर सुटा भातही चुरतो.

परिणाम

झाकण काढलं तर दाणे उभे होते. वहिनींनी एक कच्चा दाणा आणि एक शीत ओट्यावर शेजारी ठेवून पट्टी लावली. आठ आणि सतरा मिलिमीटर. तळाला काही धरलं नव्हतं. परातीत काढताना काट्याने कडेकडून उचलला, डाव लावलाच नाही.

भात अळणी झाला होता, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं. वेळायच्या भातात बरंचसं मीठ पाण्याबरोबर जातं. नेहमीच्या अंदाजाने घातलेलं पुरत नाही, पाणी चाखून चांगलं खारट लागेल इतकं हवं. तालमीत आम्ही मीठच घातलं नव्हतं, त्यामुळे हे कळलंही नव्हतं. वासही रोजच्या वाटीभर भातापेक्षा थोडा कमी होता. वहिनींनी ते बोलून दाखवलं.

रोजचा भात आता एक वाटी भिजवलेला तांदूळ, सव्वा वाटी पाणी आणि नीट बसणारं झाकण असा होतो. उकळी, मग बारीक आचेवर दहा मिनिटं, मग दहा मिनिटं झाकून. गॅसवरचा वेळ जवळपास निम्म्यावर आलाय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री सात-बावन्नला भात वाचवता येत होता. झाकण धरून पातेलं तिरकं केलं असतं आणि ते बोटभर पाणी ओतून टाकलं असतं, तर तो आपोआप वेळलेला भात झाला असता. खाली तवा, बारीक आच, दहा मिनिटं. वहिनींना भात वेळता येत होता, त्यांच्या आईकडे रोज तसाच व्हायचा. पण आपण जी पद्धत करतोय ती मधेच सोडून दुसरीत जाता येतं, हे अशा वेळी सुचत नाही. आच मोठी करणं सुचतं.

नवी पिशवी, नवं पातेलं आणि सहापट माप, हे तिन्ही एकाच संध्याकाळी आले, त्यामुळे दोष शोधायला वेळ गेला. त्यातला एक बदल जरी आधी करून बघितला असता तरी गोंधळ कमी झाला असता. आणि मी दोन गोष्टी एकदम बदलून स्वतःचा भात बिघडवला, तेव्हा इथे फार बोलायचा मला अधिकार नाही.

दोन पातेल्यांचा पर्याय आम्ही बर्नरच्या कारणाने सोडला. आता वाटतं, एक भात अर्धा तास आधी करून झाकून ठेवला असता तर तो आरामात गरम राहिला असता. दम दिलेला भात तेवढा वेळ उष्णता धरतो. पुढच्या वेळी वहिनी तसं करून बघणार आहेत. त्यात वासही राहील, असं त्यांचं म्हणणं.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर तांदळाच्या आधी पातेल्याचं नाव लिहिलंय: ‘छोटं, नवं झाकण: १ ला सव्वा. मोठं: वेळायचा.’ खाली दादांच्या अक्षरात ‘ही पिशवी परत आणू नये’ असंही आहे.